पायांचा मालक

"सर, तुमचा पाय अख्खा तास टेबलाखाली हलत असतो, त्याला हुकूम कोण देतं? तुमचं डोकं देतं, की तो आपल्या मनाने हलतो?"

प्रश्न रबाबच्या तोंडून निघाला खरा, पण तिच्या डोक्यातला नव्हता. उमैमा आणि मलाक या तिच्या दोन मैत्रिणींनी मागच्या बाकावर बसून तो शिजवला होता आणि दम असेल तर विचारून दाखव म्हणत तिच्या पुढ्यात वाढला होता. रबाबपुढे दमाची भाषा करणं म्हणजे शेळीपुढे पाला धरण्यासारखं. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरी देतानासुद्धा आधी घसा खाकरायची. मग उन्हाळ्यात काय झालं कोण जाणे, वीतभर उंची वाढली, केस कापले गेले, आणि तोझर शहरात झालेल्या भाषणांच्या स्पर्धेत तिसरा नंबर आला. तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज फार आवडायला लागला होता. नंबर कितवा, ते मात्र कुणी विचारल्याशिवाय ती सांगत नसे.

जीवशास्त्राचे बूबकर सर वाकून टेबलाखाली बघू लागले, कुणीतरी आपला पाय तिथे विसरून गेलंय अशा नजरेने. पाय चोरी पकडल्यासारखा गप्प झाला. मग सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे, पुढे ये. खरी भीतीची गोष्ट ही होती. बूबकर सर रागावले की सोडून द्यायचे. खूश झाले की पुढे बोलवायचे.

त्यांनी रबाबला टेबलावर बसवलं, एका गुडघ्यावर दुसरा पाय टाकायला लावला आणि वर्गाला सांगितलं, मी हिच्या गुडघ्याखाली हलकेच मारणार आहे, हिने पाय हलू दिला नाही तर या आठवड्यात कुणालाच गृहपाठ नाही. वर्गात एकदम प्रार्थनेसारखी शांतता पसरली. रबाबने आधी एक छोटंसं भाषण केलं. माझा पाय माझा आहे, असा त्याचा सारांश होता. सरांनी हाताची कड गुडघ्याखाली टेकवल्यासारखी मारली. पाय उडाला आणि पायातली चप्पल जाऊन खिडकीच्या गजात अडकली.

वर्गाने रबाबकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर गृहपाठ करताना पुढे आठवडाभर तिच्या पाठीला टोचत होती.

सर म्हणाले, बघा, गुडघ्याची बातमी हिच्या डोक्यापर्यंत गेलीच नव्हती. ती पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत गेली आणि तिथूनच उलटा हुकूम आला. डोक्याला कळलं तेव्हा चप्पल खिडकीत होती. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते त्या वर्गात कुणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही, कारण तिथली निम्मी पोरं खजुराच्या बागांच्या मालकांची होती आणि निम्मी खम्मासांची, म्हणजे पाचव्या हिश्श्यावर दुसऱ्याची बाग कसणाऱ्यांची. डोकं म्हणजे मालक, सर म्हणाले. तो कॉफीच्या दुकानात बसून म्हणतो, चला, बाजारात जाऊ. बस्स. कुठला पाय आधी टाकायचा, गुडघा किती वाकवायचा, टाच केव्हा टेकवायची, ते सगळं खाली मज्जारज्जू बघतो. तो खम्मास. मालकाला वाटतं, मीच चाललो.

"आणि तुमचा पाय, सर?" मलाकने मागून विचारलं.

"माझ्या मालकाने त्याला परीक्षेच्या दिवसांत कधीतरी कामाला लावलं," सर म्हणाले, "आणि थांब म्हणायला विसरला."

रबाबला हे ज्ञान इतकं आवडलं की नव्या बुटांसारखं ती ते घालून सगळीकडे फिरली. तिची आई मबरूका अंगणात कणीक तिंबत होती, तर तिला सांगितलं की यम्मा, तू उभी आहेस ती तुझ्या डोक्यामुळे नाहीस. मबरूका म्हणाली, ठाऊक आहे, डोकं असतं तर बसले असते. शेजारच्या झाझिया खालाला तिने गुडघा पुढे करायला लावला, फटका मारला चुकीच्या जागी, आणि खाला दोन दिवस लंगडत तिचा उद्धार करत होती. घरातली शेळीही सुटली नाही. शेळीने मात्र लाथ बरोबर जागी मारली.

बाबांना सांगायचं तिने रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवलं होतं, कारण बाबा, म्हणजे लझहर, स्वतः खम्मास होते. मोन्सेफ नावाचा त्यांचा मालक दूर राजधानीत राहायचा आणि बाग फोनवर पिकवायचा. डोकं मालक आणि मज्जारज्जू खम्मास हे ऐकून बाबा खदखदून हसतील, असं रबाबने गृहीत धरलं होतं. हसण्यासाठी तिने जागासुद्धा सोडली.

बाबांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि तो तसाच धरून ठेवला. "आणि खम्मासनेच काम टाकलं तर?"

असं होत नाही, रबाब म्हणाली, मज्जारज्जू तुटल्याशिवाय होत नाही. आणि ती पुढे बोलत राहिली. तुकडा विरघळून रश्श्यात पडला, तेही तिने पाहिलं नाही. बोलणाऱ्या माणसाचे डोळे फार कामाचे नसतात.

दिवस पोय फुटायचे होते. खजुरीच्या मादी झाडांच्या शेंड्याला पोय, म्हणजे मोहोराभोवतीचं जाड आवरण, तडकते आणि आतले पांढरे मोहोर बाहेर येतात, तेव्हा माणसाने वर चढून नर झाडाच्या मोहोराच्या काड्या त्यांच्यात खोचून बांधाव्या लागतात. हे काम वाऱ्यावर सोडलं, तर झाड फळं धरतं, पण बी नसलेली, पाणचट, शेळ्यांपुढे टाकायची. पोय तडकल्यावर हातात थोडेच दिवस असतात. आजूबाजूच्या बागांत लोक झाडांवर दिसत होते. बाबाही रोज पहाटे कमरेला काड्यांची जुडी बांधून जात होते. कुणी विचारलंच तर म्हणत होते, यंदा वारा गरम आहे, तो पडू दे, मग बांधीन.

रविवारी शाळा नव्हती. मबरूकाने मिरची-कांदा भरलेली भाकरी फडक्यात बांधून रबाबला बागेत पिटाळलं. ती पाटाच्या कडेकडेने, उमैमाला काय काय सांगायचं याची मनात उजळणी करत गेली, आणि बागेच्या कुंपणाशी आली तेव्हा बाबा झाडावर होते.

झाडावर म्हणजे, कुणी खालून हात वर केला तर त्यांच्या पायाला लागेल इतकेच वर. खजुरीला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी मारली होती, गाल खोडाला टेकवला होता, आणि झावळीच्या जुन्या खुंटावर टेकवलेला उजवा पाय शिलाई मशीनच्या सुईसारखा वरखाली उडत होता. रबाबने बाबांना लहानपणापासून झाडावर पाहिलं होतं. ते चढायचे तेव्हा जिना चढावा तसे चढायचे, वर पोचल्यावर गप्पा मारायचे. हा माणूस कोण, हे तिला क्षणभर कळेना.

ते घसरत खाली आले आणि मग त्यांना ती दिसली. आधी रागावले, चोरून बघतेस म्हणून. मग खोडाला टेकून बसले, कमरेची जुडी सोडून बाजूला ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. शरद ऋतूत घोस कापताना ते पडले होते, घोटा मोडला होता. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले खुशाल चढा. हिवाळ्यात चढायचं काम नव्हतं म्हणून कुणाला कळलं नाही. आता पोय तडकल्यापासून रोज यायचं, चढायचं, इथवर पोचलं की पाय असा सुरू व्हायचा. ईद झाली की मोन्सेफ बाग बघायला येईल. झाडं बांधलेली नसली की बाग दुसऱ्या कुणाला देईल. मोन्सेफच्या बापाची बाग रबाबच्या आजोबांनी कसली होती.

"तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही," ते म्हणाले. "तिला सांगू नकोस."

यानंतर रबाबला रडू यायला हवं होतं. सांगू नये, पण तिला आला तो उत्साह. इतके दिवस शेळीवर भागवावं लागलं होतं आणि इथे सगळा धडाच्या धडा तिच्यासमोर बसला होता. तिने बाबांच्या पोटरीवर बोट ठेवून शिकवायला सुरुवात केली. तुम्ही चवड्यावर उभे राहता, टाच लोंबते, पोटरीचा स्नायू ताणला जातो. तो मज्जारज्जूला कळवतो, ताणलो. मज्जारज्जू म्हणतो, आखड. आखडला की सैल पडतो, सैल पडला की वजनाने पुन्हा ताणला जातो, पुन्हा बातमी, पुन्हा हुकूम. डोक्याला कुणी विचारतच नाही. डोकं फक्त घाबरतं, आणि घाबरलं की सगळ्याच तारा जास्त ताणतं. तेव्हा घाबरायचं नाही आणि टाच खाली सोडायची. इतकं सोपं आहे, बाबा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "झालं? मग वर जा आणि तिथून सांग."

ते वैतागून बोलले होते, बाप बोलतात तसे. पण रबाबला कुणीतरी वर जा म्हटलं होतं, तिला तेवढं पुरे होतं. तिने जुडी शाळेच्या कोटाच्या खिशात कोंबली, चपला काढल्या आणि खुंटावर पाय ठेवला. लहानपणी ती ठेंगण्या झाडांवर चढलेली होती. ही खजुरी ठेंगणी नव्हती. बाबा खाली ये म्हणाले, मग ओरडले, मग गप्प झाले, कारण आता ओरडण्याने ती दचकली असती.

चढणं अगदी सोपं गेलं. मालक स्वतःचं कौतुक करण्यात गुंग होता, खम्मास आपलं काम करत होता. शेंड्याजवळ, काट्यांच्या आत, तिने मान वळवून बाबा पाहतायत ना हे पाहिलं. बाबा पाहत होते. ते टोपीएवढे दिसत होते.

मग उजवा पाय सुरू झाला.

टाच खाली, तिने त्याला सांगितलं. टाच खाली गेली नाही. तिने पुन्हा सांगितलं, कारणासकट. पोटरी, बातमी, हुकूम, सगळं क्रमाने सांगितलं, तोझरला मिळाल्या त्यांच्यापेक्षा जास्त टाळ्या मिळाव्यात असं सांगितलं. मज्जारज्जूला वक्तृत्व कळत नाही. डावा पायही सामील झाला. तिने झावळ्यांच्या बुंध्यांना मिठी मारली, आणि काटे दंडात घुसले तरी सोडली नाही.

खाली बाबा खोडाशी धावले. चढले. हात वर केला तर पाय लागेल तिथवर आले आणि त्यांचाही पाय सुरू झाला. ते तिथेच थांबले. बाप खाली थरथरतोय, मुलगी वर थरथरतेय, दोघांमध्ये एकच झाड. ते खाली उतरले, घाम पुसला, आणि त्यांना एकदम काहीतरी भयंकर आठवलं.

"रबाब," ते म्हणाले, "तू हाक दिली नाहीस."

त्या गावात झाडावर चढणाऱ्याने चढण्याआधी हाक द्यायची असते. वरून आजूबाजूची अंगणं दिसतात. अंगणात बायका केस धुतात, पाय उघडे टाकून बसतात. हाक ऐकली की त्या आत जातात. हाक न देता चढलेल्या माणसाला गावात पोरगी मिळत नाही. बाबांनी आयुष्यात एकदाही हाक चुकवली नव्हती, आणि आता, जीव टांगलेला असताना, त्यांना तीच लाज खात होती. रबाब वरून म्हणाली की मी मुलगी आहे. बाबा म्हणाले, अंगणाला काय माहीत? दे.

म्हणून तिने दिली. आवाज तर होताच. "अंगणात कोण असेल त्यांनी आत जा, झाडावर माणूस," इथे ती अडखळली, "झाडावर मुलगी आहे."

आजवर त्या हाकेने बायका आत जात आल्या होत्या. या हाकेने होत्या नव्हत्या तेवढ्या बाहेर आल्या. भिंतीपलीकडच्या अंगणात झाझिया खाला अर्ध्या डोक्याला मेंदी थापलेली, तशीच उठून उभी राहिली. तिची सून गच्चीवर गेली. पलीकडच्या घरातून आणखी दोघी आल्या, एकीच्या हातात कोंबडी होती.

"कोण गं ती?"

"लझहरची रबाब," सून गच्चीवरून म्हणाली.

"माझा गुडघा फोडला ती?"

"तो फोडला नव्हता, खाला. जागा चुकली होती."

"तिथे काय करतेस?"

"मोहोर बांधतेय," रबाब म्हणाली, कारण दुसरं काय सांगणार?

"आणि तुझा बाप काय करतोय? वारा मोजतोय?"

बायका हसल्या. रबाबने खाली पाहिलं. तिच्याकडे दोन-तीन उत्तरं तयार होती, सगळी खोटी आणि सगळी चांगली: ते मला शिकवतायत, ते जेवतायत, त्यांनी मला पैजेवर चढवलंय. पण खाली बाबांनी टोपी काढली होती. ते भिंतीकडे वळले.

"माझे पाय वर चालत नाहीत, झाझिया," ते मोठ्याने म्हणाले. "पडल्यापासून. वाऱ्याचं खोटं होतं."

रबाबला वाटलं, आता सगळं संपलं. तिच्या एका हाकेने बाबांनी इतके दिवस झाकलेलं भर सकाळी साऱ्या अंगणांना कळलं.

"मेल्या, मग सांगायचं नाही?" झाझिया खाला म्हणाली. "आमच्या घरातल्या माणसाचे तर जमिनीवरही चालत नाहीत. मी कुणाला वाऱ्याचं सांगत नाही." आणि मग, बाबांचा विषय मिटल्यासारखी, ती पुन्हा वर वळली. "आणि तू गं, बांधतेयस म्हणालीस ना? काड्या खिशात ठेवून कसल्या बांधतेयस?"

रबाबने एक हात सोडून जुडी काढली. सून गच्चीवरून ओरडली की काड्या उलट्या धरल्यास. कोंबडीवाली म्हणाली, आधी झटक, काड्यांवरचं पीठ उडू दे, मग खोच. झाझिया खाला म्हणाली, तिला काय विचारता, ती शेळ्यांची डॉक्टर आहे. रबाबने उत्तर दिलं. खालाने त्यावर उत्तर दिलं. मुद्दा मेंदीवरून झाझियाच्या वयावर गेला, तिथून रबाबच्या कापलेल्या केसांवर आला, आणि केसांवर बोललेलं रबाब ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिने दोन्ही हातांनी मोहोर धरला, काड्या खोचल्या, वरून झावळीचं पातं गुंडाळून गाठ मारली आणि दुसऱ्या मोहोराकडे सरकली.

सरकल्यावर तिच्या लक्षात आलं की ती सरकली. पाय थांबले होते. केव्हा थांबले, ते तिला माहीत नव्हतं. मालक भांडायला गेला होता.

हे लक्षात आलं आणि उजवा पाय लगेच फडफडला.

"खाला, बोलत राहा," ती घाईने म्हणाली.

"काय?"

"माझ्या केसांबद्दल बोला. थांबू नका."

झाझिया खालाला असं निमंत्रण आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. केस संपल्यावर ती रबाबच्या चालण्यावर आली, मग ज्या गुडघ्याने तिला दोन दिवस झोपू दिलं नाही त्याच्यावर, आणि त्या गुडघ्याच्या आधारावर रबाबने त्या झाडाचे सगळे मोहोर बांधले. उतरताना तर बायकांनी आळीपाळीने साथ दिली, कारण उतरताना पाय दिसत नाहीत आणि मालकाला घाबरण्यावाचून दुसरं काम उरत नाही. शेवटच्या खुंटावर ती आली तेव्हा तिचा इतका उद्धार झाला होता की जमिनीवर पाय ठेवताना तिला हसू आवरत नव्हतं. मग ती सरळ मातीत बसली. हसणं आणि रडणं यांतला हुकूम कुठून येतो, हे बूबकर सरांनी अजून शिकवलं नव्हतं.

मबरूका तोवर पोचली होती. अंगणा-अंगणांतून बातमी तिच्यापर्यंत तिच्या मुलीच्या आधी आली होती. तिने रबाबचे दंड पाहिले, काटे उपटले, प्रत्येक काट्याबरोबर एक शिवी दिली. मग ती नवऱ्याकडे वळली. बाबा म्हणाले की तुला सांगणारच होतो.

"वाऱ्याचं मला सांगितलंत, तेव्हाच कळलं," मबरूका म्हणाली. "वारा काय फक्त आपल्याच बागेत येतो?"

बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि काढली. म्हणाले, आता झालं ते झालं. मी आजच मोन्सेफला फोन करतो, दुसरा माणूस बघ म्हणून सांगतो. नंतर हाकलून लावण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. आणि ही पोरगी पुन्हा झाडाजवळ दिसली तर मी झाड कापीन. मबरूका वर बांधलेल्या मोहोरांकडे बघत होती. गाठी वाकड्या होत्या, पण होत्या.

रबाब मातीतून उठली. ती खोडाला धरून उभी राहिली आणि घसा खाकरायचा विसरली.

"फोन करायचा नाही, बाबा. उद्यापासून शाळेच्या आधी मी रोज चढणार. कमरेला दोर बांधून चढणार, म्हणजे तुम्हाला झाड कापावं लागणार नाही. तुम्ही खाली उभे राहून कुठली पोय आधी ते सांगायचं. हाक मी माझ्या नावाने देणार. आणि यम्मा, मी वर असेपर्यंत कुणीतरी माझ्याशी भांडत राहायला हवं. झाझिया खालाला रोज वेळ मिळेलच असं नाही. ते काम तू करायचं."